स्वस्तातली कडक सिगार: चव घ्यायची कशी, जोखायची कशी

कडक सिगार जोखताना हमखास होणारी गफलत म्हणजे जोर आणि चव यांना एकाच मापात मोजणं. पहिल्या पाच मिनिटांत नाकात मिरी चढते, कपाळ जरा हलकं होतं आणि माणूस म्हणतो, "वा, काय माल आहे!" अर्ध्या-पाऊण तासाने तोच माणूस उरलेली सिगार रक्षापात्रात ठेवून पाणी मागत असतो. झणझणीत रश्शात मटण शिळं असलं तरी पहिल्या दोन घासांना कळत नाही, तोच प्रकार. किंमत कमी ठेवायची असेल तर कारखान्यालाही ही पळवाट सोयीची असते. जोरदार पानांचा भरणा वाढवला की कच्चा राहिलेला तंबाखू आणि घाईची बांधणी बराच वेळ झाकून जाते. त्यामुळे अशी सिगार तपासायची म्हणजे तिखटाखाली काय दडलंय ते शोधायचं. पुढची सगळी पद्धत त्यासाठीच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा लेख आधीपासून सिगार ओढणाऱ्या प्रौढांसाठी आहे. जो ओढत नाही त्याने सुरुवात करण्याचं काहीच कारण नाही. धूर छातीत घेतला नाही म्हणजे सिगार निरुपद्रवी ठरत नाही. तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका असतोच, आणि एका मोठ्या सिगारीतला तंबाखू सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका भरू शकतो.

कोणती सिगार घ्यायची

'प्रीमियम' या शब्दाचा किमतीशी फारसा संबंध नाही. हाताने वळलेली, आत अखंड लांब पानं असलेली आणि तंबाखूखेरीज दुसरं काही नसलेली सिगार म्हणजे प्रीमियम. आतला चुरा, कागदी बांधणी, प्लास्टिकचं टोक असला माल या वर्गात बसत नाही. कमी किमतीच्या, गठ्ठ्याने विकल्या जाणाऱ्या सिगारींत बऱ्याचदा लांब पानांबरोबर कापलेले तुकडेही भरलेले असतात. ओढायला त्या वाईट नसतात, पण राख लवकर ढासळते आणि चव तुटक येते.

उदाहरण म्हणून मी निकाराग्वाची 'आन्तान्यो १९७०' घेतो, रोबुस्तो ग्रांदे आकाराची. साडेपाच इंच लांब, जाडी ५२. जाडीचा हा आकडा इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. म्हणजे ५२ ची सिगार साधारण २०.६ मिलिमीटर जाड. ही बनवणारा होया दे निकाराग्वा हा एस्तेली गावातला कारखाना १९६८ सालचा, त्या देशातला सर्वांत जुना. १९५९ च्या क्रांतीनंतर क्युबातले तंबाखूवाले देशोधडीला लागले आणि १९६२ मध्ये अमेरिकेने क्युबन मालाला दार बंद केलं. तेव्हा त्यातले अनेक जण क्युबन बियाणं आणि हातातलं कसब घेऊन निकाराग्वा, होंडुरास, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये पांगले. एस्तेलीची काळी ज्वालामुखीची माती त्यांना मानवली. पुढे निकाराग्वातच १९७९ ची क्रांती झाली, मग १९८५ ते १९९० अमेरिकेने निकाराग्वाच्या मालावरही बंदी घातली. धंदा पुन्हा उभा राहिला तो नव्वदच्या दशकात. आज जोरदार आणि तरीही परवडणारी सिगार म्हटलं की बोट आधी एस्तेलीकडे जातं, कारण शेत, आंबवण्याची कोठारं आणि वळणारे हात सगळं एकाच खोऱ्यात आहे.

परवडणारी म्हणजे कुठे, हेही पाहायला हवं. न्यू जर्सीत राहणाऱ्याला या वर्गातली सिगार सात ते दहा डॉलरच्या आसपास पडते. तीच मुंबईत आयात शुल्क आणि कर भरून आली की 'स्वस्त' हा शब्द गळून पडतो. म्हणून इकडची बरीच मंडळी परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांवर भिस्त ठेवतात. प्रवासी सामानात २५ सिगारींपर्यंत सूट असते, त्यापुढे शुल्क.

पान समजून घेतल्याशिवाय चव कळत नाही

तंबाखूच्या एकाच रोपावर खालून वर जाताना पानाचा स्वभाव बदलतो. तळाची वोलादो पानं पातळ. चव बेताची, पण जळायला उत्तम. मधली सेको सुगंधासाठी. त्यावरची विसो. आणि शेंड्याजवळची लिगेरो: सगळ्यात जास्त ऊन खाल्लेली, जाड, तेलकट, निकोटिनने भरलेली. लिगेरो हळू जळतं, म्हणून वळणारा ते भरणाच्या, म्हणजे आतल्या पानांच्या जुडीच्या, बरोबर मधोमध ठेवतो आणि भोवती भराभर जळणारी पानं लावतो. हे नीट जमलं तर सिगारीचं जळतं टोक मध्यभागी किंचित निमुळतं राहतं. लिगेरो कडेला सरकलं, तर ती बाजू मागे राहते आणि दुसरी पुढे पळते. म्हणजे तिरकं जळणं दिसलं की बऱ्याचदा आतल्या पानांची मांडणी चुकलेली असते. कडक सिगारीत लिगेरो जास्त, त्यामुळे चुकीला वावही जास्त.

भरणाला बाइंडर नावाचं पान आवळून धरतं आणि त्यावर बाहेरचं देखणं रॅपर येतं. आन्तान्योत हे तिन्ही निकाराग्वाचे आहेत. रॅपर काळपट असलं म्हणजे सिगार कडक, हा समज मात्र सोडून द्या. मादुरो रॅपरचा काळा रंग जास्त आंबवल्याने येतो आणि त्याबरोबर बऱ्याचदा गोडवा येतो. फिकट कातडीच्या सिगारीही माणसाला घाम फोडतात.

आधी विश्रांती

दुकानातून आणली आणि पेटवली, असं केलंत तर तुम्ही सिगार तपासत नसता, तिचा प्रवास तपासत असता. विमानातून, कुरिअरमधून, एसी गाडीतून आलेली सिगार बाहेरून कोरडी आणि आतून दमट असू शकते. दोन-तीन आठवडे तिला एका आर्द्रतेत पडू द्या.

यासाठी ह्युमिडॉर, म्हणजे सिगारी ठेवायची ओलावा राखणारी लाकडी पेटी, हवीच असं नाही. घट्ट झाकणाचा, वास नसलेला प्लास्टिकचा डबा आणि त्यात आर्द्रता राखणारं ६५ किंवा ६९ टक्क्यांचं तयार पाकीट पुरतं. आपल्याकडे खरी अडचण हवेची आहे. जुलैत मुंबई-गोव्यात हवेतला ओलावा इतका असतो की उघड्यावर ठेवलेली सिगार फुगते, रॅपर उकलतं, बुरशी धरते. मे महिन्यात नागपुरात तीच सिगार बोटांत कुरकुरते. फ्रिजमध्ये ठेवू नका. तिथे ती वाळते आणि लसणीच्या चटणीचा वासही घेते. उष्णतेकडेही लक्ष हवं. पारा पंचविशीच्या वर रेंगाळला की पानात दडलेली तंबाखू-भुंग्याची अंडी फुटू शकतात. रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं दिसली तर ती सिगार ताबडतोब बाजूला काढा आणि बाकीच्या हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. तीन दिवसांनी काढून आधी फ्रिजमध्ये, मग बाहेर, अशा टप्प्यांनी आणा. सिगारीवर पांढरी लव दिसली तर दुकानदार म्हणेल, "मुरल्याची खूण आहे." माझं मत विचाराल तर ती बहुतेक वेळा बुरशीच असते.

बसण्यापूर्वी

पोटभर जेवा, पण जेवण मसालेदार नको. कोल्हापुरी थाळीनंतर सिगारीतली मिरी कुठली आणि तोंडातली कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि उपाशीपोटी तर कडक सिगार घेऊच नका. सोबत साधं पाणी. व्हिस्की, रम, कडक चहा नंतर कधीतरी. परीक्षेच्या दिवशी ते चव झाकतात. सवड किमान सव्वा तासाची हवी. सार्वजनिक जागी ओढायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा घरची गच्ची किंवा गॅलरी बरी. डोक्यावरचा पंखा बंद ठेवा. वाऱ्याने सिगार एका बाजूने जळते आणि मग दोष बिचाऱ्या वळणाऱ्याला लागतो.

एक छोटी तयारी फार उपयोगी पडते. स्वयंपाकघरातून पाच-सहा वाट्या काढा: काळी मिरी, कोको, दालचिनी, भाजलेले शेंगदाणे, कॉफी पावडर, काकवी. सिगार पेटवण्याआधी एकेक हुंगून घ्या. परदेशी समीक्षक 'चामडं', 'सीडर', 'एस्प्रेसो' लिहितात म्हणून आपणही तेच लिहायचं, हा प्रकार मला नेहमी उसना वाटतो. ज्याचा वास ओळखीचा आहे, तेच नाव द्यावं. शेंगदाणे जरा जास्त भाजले गेल्यावर येणारा कडवट-खमंग वास निकाराग्वाच्या तंबाखूत अनेकदा सापडतो. तो ओळखायला आपल्यापेक्षा लायक नाकं कुठली?

हाताने आणि नाकाने

आता सिगार हातात घ्या. अंगठा आणि तर्जनीने टोकापासून टोकापर्यंत हलके दाबत जा. सगळीकडे सारखा, किंचित लवचीक प्रतिकार लागला पाहिजे. एखाद्या जागी बोट आत गेलं तर तिथे भरण कमी आहे. तिथे सिगार तापेल. गाठीसारखं टणक लागलं तर ओढ, म्हणजे झुरक्याबरोबर येणारी हवा, अडेल. रॅपरवर मोठ्या शिरा, ठिगळं, उकललेली शिवण दिसतेय का पाहा, पण रंग थोडा कमीजास्त असल्याचं मनावर घेऊ नका. स्वस्त सिगारीत पैसा वाचवायची सगळ्यात सभ्य जागा तीच. कानाजवळ धरून कुरकुर ऐकण्याचं नाटक नको.

मग वास. अंगाचा वेगळा, पेटवायच्या उघड्या टोकाचा वेगळा. अंगाला गोठा, शेणखत, लाकूड असा वास येतो आणि तो चांगला असतो. टोकाशी मनुका किंवा कोको मिळाला तर उत्तम. निपाणीकडच्या वखारींत ज्यांचं जाणं-येणं झालंय त्यांना पानाचा तो नाकाच्या मुळाशी झोंबणारा उग्र वास माहीत असेल. आंबवताना ढिगातली पानं आतून तापतात आणि त्यांच्यातून अमोनिया बाहेर पडतो. तो पुरता निघून गेला नसेल तर तयार सिगारीतही जाणवतो. मिरीचा ठसका आणि अमोनियाचा झोंब यातला फरक इथेच नाकात बसवून घ्या, पुढे लागेल.

तोंडात धरायचं बंद टोक कापताना लोभ नको. त्या टोकावरची पानाची टोपी जिथे संपून सरळ अंग सुरू होतं, त्याच्या वरच, दीड-दोन मिलिमीटर. जास्त कापलं तर रॅपर सुटतं. दोन पात्यांचं कटर असेल तर एका झटक्यात. हळूहळू दाबलं की पान फाटतं. कापल्यावर न पेटवता एक-दोनदा ओढून पाहा. हवा थोड्या अडथळ्यानिशी पण सहज यायला हवी. गाल आत जात असतील तर भरण आवळलं गेलंय. काहीच अडथळा नसेल तर सिगार भराभर जळेल आणि कडू होईल. या कोरड्या ओढीची चवही टिपून ठेवा.

पेटवणं

ब्युटेन लायटर किंवा लांब काडी. काडीचा गंधक आधी जळून जाऊ द्या. पेट्रोलच्या लायटरचा आणि मेणबत्तीचा वास पहिल्या दहा मिनिटांत येत राहतो, म्हणून ते नकोत. ज्योत टोकाला लावू नका. जरा खाली धरा आणि सिगार फिरवत कडा राखाडी होईपर्यंत शेकून घ्या. मगच तोंडात धरून, फिरवत, हलके झुरके घ्या. टोकावर फुंकर मारून पाहा. निखारा सगळीकडे सारखा लाल दिसला पाहिजे. यात मिनिटभर गेलं तरी चालेल. सुरुवातीला एक बाजू राहून गेली की पुढे अर्धा तास तीच दुरुस्त करत बसावं लागतं.

पहिला तिसरा भाग: अजून काही ठरवू नका

मिनिटाला एक झुरका, त्याहून घाई नाही. धूर तोंडात घोळवा, सोडून द्या. आन्तान्योसारखी सिगार इथे अंगावर येते: काळी मिरी, जिभेच्या मागे तुरटपणा, ओठांना झिणझिण्या. बहुतेक जण इथेच मत बनवून मोकळे होतात. तुम्ही फक्त लिहा: मिरी दहापैकी किती, आणि वेळ किती झाली.

तिसऱ्या-चौथ्या झुरक्यानंतर नाकातून सोडून पाहा. तोंडातला बराचसा धूर आधी बाहेर जाऊ द्या आणि उरलेला थोडाच नाकातून काढा. छातीत ओढायचा नाही. बारीक वास टिपण्याचं काम मुळात नाकाचं, त्यामुळे जिभेला न कळलेलं इथे कळतं. मिरीचा ठसका आला तर डोळ्यांत पाणी येईल, पण तो विरतो आणि मागे काहीतरी ठेवून जातो. अमोनियाचा झोंब मागे काहीच ठेवत नाही, फक्त नाकाचं मूळ दुखवतो. तसं झालं तर सिगार कच्ची आहे. तिच्या भावंडांना डब्यात दोन-तीन महिने विसरून जा आणि मग पुन्हा बसा.

मधला भाग: इथे खरी परीक्षा

पंधरा-वीस मिनिटांनी मिरी उतरायला लागते, आणि आता कारखान्याचं पितळ उघडं पडतं किंवा सोनं दिसतं. मिरी ओसरल्यावर काय उरलं? चांगल्या सिगारीत पडद्यामागून एकेक गोष्ट पुढे येते: कोरी कॉफी, भाजलेला शेंगदाणा, ओली माती, कुठेतरी काकवीचा गोडवा. झुरका सोडल्यावर अर्धा मिनिट जिभेवर काय रेंगाळतं ते बघा. वाईट सिगारीत मिरी गेली की फक्त जळलेला पुठ्ठा उरतो, किंवा मिरी जातच नाही, कारण तिच्याखाली काही नसतंच.

इथे तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहायला शिका. जोर म्हणजे निकोटिन. तो जिभेवर नसतो; पोटात, कपाळावर, गुडघ्यांत जाणवतो आणि उशिरा येतो. भरीवपणा म्हणजे धूर तोंडात किती जड, किती दाट वाटतो ते. चव म्हणजे ओळखता येण्याजोगे वास आणि रस. या तिन्हींची जोडी असलीच पाहिजे असं नाही. जोरदार पण बेचव सिगारी असतात आणि दाट पण सौम्यही.

सिगारीच्या नावाची कागदी पट्टी आता काढा. उष्णतेने डिंक सैल झालेला असतो, आधी ओढली तर रॅपर फाटतं. जळण्याची रेषा दोन-चार मिलिमीटर वाकडी असली तरी हात लावू नका. पाच मिनिटांत स्वतः सरळ होते. होत नसेल तरच मागे राहिलेल्या कडेला ज्योत दाखवा. एका सिगारीत दोनदा चालेल, तिसऱ्यांदा लागलं तर गुण कापा. राख इंचभर टिकली तर लांब पानांची, नीट बांधलेली सिगार आहे, एवढाच त्याचा अर्थ. राख पांढरी म्हणजे उत्तम, हा शेरा मी गांभीर्याने घेत नाही. तिचा रंग मातीतल्या खनिजांवर ठरतो.

शेवटचा भाग

धूर आता तापलेल्या, डांबरट झालेल्या पानांतून येतो, त्यामुळे थोडा कडवटपणा येणारच. प्रश्न तो कधी येतो हा. अर्धी सिगार शिल्लक असतानाच तोंड कडू झालं तर एकतर तुम्ही घाई करताय किंवा मालात खोट आहे. झुरक्यांतलं अंतर वाढवा, एकदा सिगारीतून बाहेर हलकी फुंकर मारा म्हणजे साठलेला धूर निघून जाईल. तरी कडू राहिली तर लिहून टाका. शेवटचे चार सेंटिमीटर उरेपर्यंत कडवटपणा दूर राहिला तर स्वस्तातल्या कडक सिगारीने मोठी बाजी मारली.

या टप्प्यावर गार घाम, मळमळ किंवा गरगर वाटलं तर थांबा. हट्टाने संपवण्यात पुरुषार्थ नाही. सिगार खाली ठेवा, पाणी प्या, गुळाचा खडा किंवा चमचाभर साखर तोंडात टाका आणि बसून राहा. उभं राहून फिरायला जाऊ नका. सिगारीचं टोक चिरडून विझवायचं नसतं. ठेवून दिली की ती आपोआप विझते आणि खोलीत वास कमी राहतो.

गुण द्यायचे ते कसे

१९९२ पासून निघणाऱ्या 'सिगार अफिशिओनादो' या अमेरिकन नियतकालिकाने शंभरपैकी गुण देण्याची रीत रुळवली. तिथे पट्टी काढून, नाव न सांगता सिगार ओढायला देतात. त्यातली नाव लपवण्याची युक्ती उचला: घरातल्या कुणाला तरी पट्टी काढून, नुसता आकडा लावून सिगार द्यायला सांगा. शंभरचं माप मात्र घरगुती कामाला फसवं आहे. ८८ आणि ९० मधला फरक आपल्याला सांगता येत नाही.

मी वीसवर मोजतो. चवीला ८, समतोल आणि बदलत जाण्याला ४, ओढ आणि जळणं मिळून ५, शेवटच्या भागाला ३. जोराला शून्य. जोर लिहून ठेवायचा, म्हणजे पुन्हा घेताना जेवून बसायचं की नाही ते कळतं. पण त्याचे गुण द्यायचे नाहीत. ही एवढी एक अट पाळली की 'जबरदस्त' वाटलेल्या कितीतरी सिगारी अकरा-बारावर येऊन थांबतात.

आणि एका सिगारीवर निकाल देऊ नका. कारखान्यात साधारणपणे एक जण भरण बांधतो आणि दुसरी व्यक्ती रॅपर चढवते; अशा कितीतरी जोड्यांच्या हातचा माल एकाच नावाखाली येतो. महाग मालात ओढ तपासणारे आणि सदोष सिगारी बाजूला काढणारे हात जास्त असतात, आणि किमतीतला बराच फरक तिथेच पडतो. म्हणून स्वस्त सिगार किमान तीनदा, वेगवेगळ्या दिवशी ओढा. १५, १४, १५ असे गुण मिळवणारी सिगार १८, ९, १६ वाल्या सिगारीपेक्षा मी डोळे मिटून घेईन.

भावाचा हिशेबही असाच करायचा. आठ डॉलरची सिगार, पाचांतली एक ओढीला बंद निघाली, तर चार चांगल्या सिगारींना चाळीस डॉलर पडले. म्हणजे खरा भाव दहा. त्या भावात बाजारात आणखी काय मिळतं ते पाहा आणि मग ठरवा. पेटी स्वस्त पडते हे खरं, पण आधी पाच सुट्या घ्या. तीन आत्ता ओढा, दोन डब्यात सहा महिने ठेवा. त्या दोघींची मिरी उतरून मागची कॉफी आणि गोडवा पुढे आला असेल तर पेटी मागवा. मिरी उतरून काहीच पुढे आलं नसेल तर ते पैसे दुसऱ्या नावावर लावा.